जात्यातले आणि सुपातले

जात्यातले दाणे रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडी आहे. सुपातल्यांची पाळी यावयास किती थोडा अवकाश असतो, हे मात्र हसताना कोणाच्या ध्यानी येत नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या सेवकवर्गापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास, माणसे कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. कुऱ्हाड मुख्यत्वे मधल्या व वरच्या श्रेणीतील अनुभवी माणसांवर होती. ज्या पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांच्या भरवशावर हजारो कुटुंबांनी घरांची कर्जे काढली आहेत, तेथे या वार्तेने धास्ती पसरली असल्यास नवल नाही.

परंतु हे जाते आज फिरू लागलेले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे डिस्ने कंपनीच्या सुमारे २५० संगणक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याचे सांगण्यात आले. त्यांच्या जागी हिंदी कंपनीमार्फत, एच-१बी व्हिसावर, माणसे येणार होती; आणि जाण्यापूर्वी त्यांना काम शिकविण्याचे कर्तव्य जाणाऱ्यांवरच पडले. त्याच सुमारास सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीजकंपनीने आपल्या शेकडो कर्मचाऱ्यांचे काम टाटा कन्सल्टन्सी व इन्फोसिस यांच्याकडे सोपविले. विद्या दिल्याने वाढते, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. तीच विद्या देणाऱ्याच्या पोटावर पाय आणण्यास वापरली जावी, यासारखी विटंबना नाही.

याचा दोष तेथे गेलेल्या आपल्या तरुणांस देणे अन्यायाचे होईल. काम स्वस्त मजुरीकडे वाहत जाते, हा व्यापाराचा जुनाच न्याय आहे आणि आपल्या मध्यमवर्गाचे आजचे वैभव बव्हंशी त्यावरच उभे आहे. तो न्याय आपल्याला सोयीचा होता तोवर उत्तम, आणि गैरसोयीचा होताच दुष्ट, असे म्हणता यावयाचे नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. बदलाचा सारा लाभ कंपनीच्या खात्यात आणि सारा तोटा माणसाच्या खात्यात, ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

ही वाटणी बदलण्याचे काम कायद्याचे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये १०० वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकास मोठ्या कपातीपूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तीत कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आहे. पण ते ३०० वा अधिक कामगारांचे कारखाने, खाणी व मळे यांपुरतेच. महिन्याची नोटीस, सेवेच्या वर्षागणिक १५ दिवसांच्या वेतनाची भरपाई व नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचे वेतन, या तरतुदी ‘कामगारा’साठी आहेत. व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा पर्यवेक्षक म्हणून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा, या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे ज्यांच्यावर कुऱ्हाड पडते, नेमके तेच उघड्यावर! शिवाय एखाद्याने राजीनामा लिहून दिला, की कायद्याच्या दृष्टीने ती कपातही उरत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. पदनाम व वेतन न पाहता प्रत्येक नोकरदारास ६० दिवसांची लेखी सूचना मिळावी, आणि कचेरीत बोलावून तत्क्षणी लिहून घेतलेला राजीनामा ग्राह्य धरू नये. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र विधिमंडळासही यात पुढाकार घेता येईल.

संगणकतज्ज्ञांनीही एक भ्रम टाकून द्यावा. संघटना ही गिरणी-कामगारांची गोष्ट, आपण सुशिक्षित, असे मानण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड झाले, तेव्हा त्या कामगारांजवळ निदान एकमेकांचा हात तरी होता. आजचा अभियंता बंद दाराआड एकटाच बसून आपल्या भवितव्यावर सही करतो. हे एकटेपण ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी सरकारलाही ऐकू येऊ लागेल.