डेटाबेस सुरूच होत नाहीये, मग त्याची डिस्क आतून कशी पाहायची?

रात्री ११ वाजता तुम्ही ऑर्डर टाकता आणि ॲप म्हणतं, ‘काहीतरी चुकलं’. पडद्यामागे कुणा इंजिनिअरच्या स्क्रीनवर त्या वेळी एक लांबलचक शब्द झळकत असू शकतो: क्रॅशलूपबॅकऑफ. म्हणजे डेटाबेस सुरू होतो, पडतो, पुन्हा सुरू केला जातो, पुन्हा पडतो. दर वेळी मधला थांबा वाढत साधारण ५ मिनिटांपर्यंत जातो.

हे सगळं घडतं ते कुबरनेटिसमध्ये. अनेक कॉम्प्युटर एकत्र जोडून त्यांवर कंटेनर चालवणारी ही प्रणाली गुगलने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. यात कंटेनर ‘पॉड’ नावाच्या वेष्टनात चालतात आणि ज्या कॉम्प्युटरवर चालतात त्याला ‘नोड’ म्हणतात.

कंटेनरचा भरवसा नसतो. तो गेला की आतल्या फाइलीही जातात. म्हणून जपायचा डेटा बाहेर, व्हॉल्यूमवर ठेवतात. रेल्वे स्टेशनची क्लोकरूम आठवा. सामान तिथे, पावती तुमच्याकडे. पॉडकडे असलेल्या या पावतीला ‘पीव्हीसी’ म्हणतात. (नळाच्या पाइपचा काही संबंध नाही.)

मग अडचण काय?

पावतीवर किती जीबी जागा मागितली ते लिहिलेलं असतं, त्यातली किती भरली ते नाही. एरवी इंजिनिअर पॉडमध्ये शिरून ‘डीएफ’ ही कमांड चालवतात. पण पॉडच पडत असेल तर शिरणार कुठे? सुरक्षेसाठी काही कंटेनरमध्ये तर कमांड चालवायची सोयच ठेवलेली नसते.

उपाय असा की तीच पावती घेऊन दुसरा, तात्पुरता पॉड उभा करायचा. त्यात बिझीबॉक्ससारखी जेमतेम काही एमबीची इमेज पुरते. हे हाताने करायचं तर वीसेक ओळींची फाइल लिहावी लागते आणि त्यात एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी ती चालत नाही. मध्यरात्री हे कोण करणार? म्हणून छोटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवायची. तिला पीव्हीसीचं नाव दिलं की ती पॉड उभा करते, किती जागा भरली आणि कोणत्या फोल्डरने खाल्ली ते दाखवते आणि पॉड काढून टाकते.

खरी कसोटी बारकाव्यांत आहे. बरेच व्हॉल्यूम एका वेळी एकाच नोडला जोडता येतात. त्यामुळे मूळ पॉड कोणत्या नोडवर आहे हे स्क्रिप्टने आधी शोधायचं आणि नवा पॉड तिथेच टाकायचा. नाहीतर तो नुसता ताटकळत बसतो. व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता जोडायचा, म्हणजे घाईत काही पुसलं जाणार नाही. आणि स्क्रिप्ट अर्ध्यात तुटली तरी पॉड चालत राहू नये म्हणून त्याला १० मिनिटांची मुदत घालायची.

सापडतं काय?

पोस्टग्रेस डेटाबेसचं नेहमीचं उदाहरण घ्या. डिस्क १०० टक्के भरलेली आणि बहुतेक जागा ‘पीजी-वॉल’ फोल्डरने व्यापलेली. नाव पाहून लॉग वाटतात, हात शिवशिवतो. पण त्या फाइली हाताने उडवल्या तर डेटाबेस कायमचा बिघडू शकतो. आधी व्हॉल्यूम वाढवायचा, डेटाबेस उभा करायचा, मग या फाइली का साचल्या ते शोधायचं. बंद पडलेल्या एखाद्या प्रतीसाठी डेटाबेस त्या राखून ठेवत असतो, हे एक ठरलेलं कारण.

हीच युक्ती दुसऱ्या बाजूने पाहिली तर थोडी धास्ती वाटते. स्क्रिप्टने डेटाबेसचा पासवर्ड कुठेच विचारला नाही. त्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरच्या त्या कप्प्यात, पॉड बनवायची परवानगी असलेला कुणीही तिथला व्हॉल्यूम जोडून फाइली वाचू शकतो. डेटा एन्क्रिप्ट केलेला नसेल तर त्यात ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबरही आले. तुमच्या कंपनीत एखाद्याकडे ही परवानगी आहे का, ते ‘क्यूबसीटीएल ऑथ’ या कमांडने तपासता येतं.