गावचे दप्तर आणि घराण्याचा शोध

खापरपणजोबांचे नाव काय, घराणे मूळचे कोणत्या गावचे, हे प्रश्न एकेकाळी निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळाचे समजले जात. कुलवृत्तांत छापणे ही काही सुस्थित घराण्यांची हौस होती. आता तसे राहिलेले नाही. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतील धूळ खात पडलेले रुमाल एकाएकी उघडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना घरोघर बोलावणी येऊ लागली. पणजोबांच्या नावावर पणतूचा महाविद्यालयीन प्रवेश अवलंबून राहावा, असा हा काळ आहे.

या शोधात उतरणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गावचे दप्तर इतिहासासाठी लिहिले गेले नाही. ते सारा वसुलीसाठी आणि हक्काच्या तंट्यांसाठी लिहिले गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागद हिशेब, इनामे, वतने यांचे आहेत. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची जी मोजणी व प्रतवारी सुरू केली, तिचा हेतूही महसुलाचाच होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने वतनदारांकडे पुरावे मागितले, म्हणून अनेकांच्या वंशावळी कागदावर आल्या. ज्याच्याकडून काही घ्यायचे होते, किंवा ज्याचे काही काढून घ्यायचे होते, त्याचेच नाव सरकारने जपून ठेवले.

याचा परिणाम उघड आहे. पाटील, कुळकर्णी, देशमुख यांची सात-आठ पिढ्यांची परंपरा सापडते. महार वतनाच्या कागदांत त्या वतनाच्या हक्कदारांचीही नावे आढळतात. परंतु ज्याला जमीन नव्हती आणि वतनही नव्हते, त्या सालगड्याचा व मोलमजुराचा माग दोन पिढ्यांतच पुसट होतो. गावोगाव फिरणाऱ्यांचे तर गावच नव्हते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांची हजेरी घेतली जाई, त्यांच्या आजोबांचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत मिळण्याचा संभव अधिक! आणि ज्यांच्याजवळ कागद असणे सर्वांत कठीण, त्यांच्याकडूनच कागदाची मागणी सर्वांत कडक होते.

स्त्रियांची कथा निराळी नाही. जुन्या वंशावळीत पुरुषांची साखळी असते. विधवेचे नाव फेरफारात येते ते बहुधा अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस नोंदीत येऊ लागली खरी, पण पुष्कळदा त्यापाठोपाठ हक्कसोडीची नोंदही येते.

तरीही वाटा आहेत. कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यू नोंदले जात. तेथे भूमिहीनालाही जागा होती. प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे गाव, जात, जन्मतारीख मिळते. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव व आडनावानुसार आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्याच्या पिढ्या आजही म्हणून दाखवतात. मराठवाड्यातील शोधकाला मात्र फसली सन आणि उर्दू यांच्याशी परिचय करून घ्यावा लागतो. कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथील कारभार निजामी होता. फसली सनात ५९० मिळवावेत, म्हणजे इसवी सनाचा अंदाज येतो.

कागदांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे काम सुरू झाले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु छायाचित्र मोडी वाचत नाही. वाचणारी माणसे प्रत्येक तालुक्यात निर्माण झाल्यावाचून हे धन बंद पेटीतच राहील, आणि पेटीची किल्ली ज्याच्या हाती तो तिचे मोल मागेल. महाविद्यालयांतील इतिहासाच्या व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकेका गावाची कागदपत्रे लावण्याचे काम हाती घेतल्यास त्यांना संशोधनाची दीक्षा मिळेल आणि गावाला आपली सूची. शाळेतील जुनी रजिस्टरे वाळवीपासून वाचविणे हे मुख्याध्यापकाचे काम किरकोळ वाटते. पण ते एक पान नष्ट झाले तर एखाद्या कुटुंबाचा एकमेव पुरावा नष्ट होतो.

जोपर्यंत शासन हक्कासाठी पूर्वजांचा कागद मागते, तोपर्यंत तो कागद जतन करून वाचून दाखविण्याचे उत्तरदायित्वही शासनावरच आहे. कागद नसणे हा अर्जदाराचा अपराध मानणे म्हणजे दप्तर लिहिणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी केलेल्या उपेक्षेची शिक्षा त्याच्या नातवंडांना देणे होय.