कॅनव्हासबाहेरचं इंदूर

बैरूतमध्ये जन्मलेल्या एतेल अदनान कविताही लिहीत आणि चित्रंही काढत. घडीच्या लांबच लांब कागदावर त्यांच्या ओळी आणि रंग शेजारी शेजारी येत. वालिद राद छायाचित्रं, कागदपत्रं आणि व्याख्यान यांतून लेबनॉनच्या यादवीचा अर्धा खरा, अर्धा रचलेला दफ्तरखाना उभा करतात. अशा बहुमाध्यमी कामाला आज जगभरच्या कलादालनांत मान आहे. इंदूरकरांना त्याचं फार अप्रूप वाटायचं कारण नाही.

दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इथे चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर ही सगळी तिथलीच मंडळी. बेंद्रे पुढे बडोद्याला गेले, तिथे त्यांनी चित्रकारांची एक पिढी घडवली; स्वतः मात्र रंगांशीच एकनिष्ठ राहिले. महेश्वरचे जोशी शिल्पातही रमले. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, वाढ इंदूरची. मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणी केली. १९६७ साली त्यांच्या लघुपटाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ पुरस्कार मिळाला. पोटासाठी शिकलेला हात पुढे हौसेलाही कामी आला.

देवळालीकरांची शाळा नवी होती त्या काळात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, युरोपातलं अगदी नवं फर्निचर आणवलं, शिल्पकार ब्रांकुसीकडून ध्यानमंदिराचा आराखडा मागवला. ब्रांकुसी इंदूरला येऊन गेले. मंदिर काही झालं नाही. पुढे माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय थाटलं गेलं. गावातल्या चित्रकारांच्या वाट्याला त्या वैभवातलं फारसं काही आलं असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या लेखी या सगळ्यांत वेगळे चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००). व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं यांत नाव मिळवलेला हा माणूस हळूहळू त्यातून बाहेर पडला आणि वाळकी पानं, काटक्या, शेंगा, मोडकंतोडकं सामान यांत आकार शोधू लागला. वस्तू फारशी न बदलता ती जरा फिरवायची, शेजारी दुसरी ठेवायची, की पक्षी दिसतो, म्हातारा दिसतो. देवासचे गायक कुमार गंधर्व, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, नाटकवाले बाबा डिके हे त्यांचे जिवलग. गाणं, वर्तमानपत्र आणि रंगमंच एकाच बैठकीत भेटत असताना चित्राने एकट्याने चौकटीत बसून काय करायचं?

हुसेन यांनी माध्यमं बदलली तरी प्रत्येकावर त्यांची सही ठळक राहिली. गुरुजींनी पाहण्याची युक्तीच मुलांच्या हाती दिली. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेल्या त्यांच्या ‘खुलते अक्षर, खिलते अंक’मध्ये अक्षरं आणि आकडेच चित्रं होतात. बाजारात याची किंमत लागणं कठीण, म्हणून कलेच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळते. हा अन्यायच आहे.

त्यांचे चिरंजीव दिलीप चिंचाळकर यांनी रेखाटनं आणि पुस्तकांची मांडणी ही वाट धरली. अनुपम मिश्र यांचं तलावांवरचं ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) त्यांच्याच रेषांनी सजलं आहे. त्या पुस्तकावर स्वामित्वहक्क ठेवलेला नाही, कुणीही छापावं.