एसी सारखा बंद पडतो तेव्हा

घरातला स्प्लिट एसी मध्येच बंद पडला, की नेमके काय बंद पडले हे आधी बघावे लागते. कधी भिंतीवरच्या इनडोअर युनिटचा पंखा वारा टाकत राहतो आणि थांबलेला असतो तो फक्त बाहेरचा कॉम्प्रेसर. कधी डिस्प्लेसकट सगळेच विझते. कधी एमसीबी पडलेली असते. तिन्हींची कारणे निराळी. तरी बहुतेक घरांत निदान एकच ऐकू येते, 'गॅस संपला असेल.' प्रत्यक्षात संशयितांच्या यादीत गॅसचा नंबर बराच खाली लागतो.

नुसता कॉम्प्रेसर थांबणे हा पुष्कळदा बिघाडच नसतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत खोली ठरवलेल्या तापमानाला आली की कॉम्प्रेसर थांबतो आणि एखाददुसरा अंश चढला की पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर एसीत तो थांबण्याऐवजी बहुतेक वेळ मंदावतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू करताना 24 अंशांवरच लागतात; पावसाळ्यातल्या संध्याकाळी खोली तिथे चटकन पोहोचते. दहा बाय दहाच्या बेडरूमला दीड टनाचा एसी लावला असेल तर हा खेळ दर काही मिनिटांनी चालतो. हवा गार होते, पण तिच्यातला दमटपणा काढायला यंत्राला वेळच मिळत नाही आणि अंथरूण ओलसर लागते. त्यावर दुरुस्ती नाही. ती खरेदीतली चूक आहे. पहाटे एसी आपोआप बंद होत असेल, तर रिमोटवरचा टायमर किंवा स्लीप मोड आधी तपासावा.

खरा बिघाड वेळेवरून ओळखू येतो. दुपारी पंधरा-वीस मिनिटे चालून कॉम्प्रेसर थांबतो, अर्ध्या तासाने सुरू होतो आणि रात्री मात्र सुरळीत चालतो, असे असेल तर आउटडोअर युनिटला उष्णता बाहेर टाकता येत नाही. कॉम्प्रेसर तापतो आणि त्याला जोडलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याची वीज तोडतो. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर असतो. त्यात युनिट इमारतीच्या डक्टमध्ये किंवा बंदिस्त ड्राय बाल्कनीत बसवलेले असले, की त्याने टाकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढते. कबुतरांची पिसे आणि काड्या, धूळ, समोर वाळत घातलेली चादर यांनीही हेच होते. कोकणात खारी हवा कॉइलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या खाऊन टाकते. मुख्य स्विच बंद करून कमी दाबाच्या पाण्याने कॉइल धुता येते, पण फक्त हात सहज पोहोचत असेल तिथे. खिडकीबाहेर लटकणारे युनिट सुरक्षापट्टा लावणाऱ्या मेकॅनिकवरच सोपवावे.

आतल्या युनिटला बर्फ धरत असेल, तर तपास फिल्टरपासून सुरू होतो. फिल्टर धुळीने माखला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याखाली जाते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते आणि सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो. थोड्या वेळाने भिंतीवरून पाणी ओघळू लागते. उन्हाळ्यात पंधरवड्याला फिल्टर धुतला, तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. फिल्टर आणि ब्लोअर स्वच्छ असूनही बर्फ धरला, तर गॅसवर संशय घ्यायला जागा आहे. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुधा नळ्यांच्या जोडावर किंवा गंजलेल्या कॉइलवर. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने ती शोधणे, बुजवणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणे आणि मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरणे, हा योग्य क्रम. गळती न शोधता गॅस मारणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. शिवाय हल्लीचा आर-32 गॅस थोडा ज्वलनशील असल्याने ते काम घरी करून पाहण्याजोगे नाही.

कॉम्प्रेसर गुरगुरतो, काही सेकंदांत 'टक्' आवाज करून गप्प होतो, हे लक्षण बहुधा कमकुवत कपॅसिटरचे असते. हा भाग स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. त्याला अनोळखी हाताने स्पर्श करू नये. विजेचा दाब स्टॅबिलायझरच्या मर्यादेखाली गेला तर तो पुरवठा तोडतो आणि दाब सावरल्यावर काही मिनिटे थांबून जोडतो. थांबलेला कॉम्प्रेसरही नळ्यांतला दाब समान होईपर्यंत सुमारे तीन मिनिटे चालू होत नाही, म्हणून रिमोट पुन्हापुन्हा दाबून काही साधत नाही.

एमसीबी लावताक्षणी पडली तर कॉम्प्रेसर किंवा वायर शॉर्ट झालेली असू शकते. बऱ्याच वेळाने पडत असेल तर ढिला जोड किंवा तापणारे सॉकेट शोधावे. साधा दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. म्हणून त्याला स्वतंत्र वायर आणि 16 अँपिअरचे सॉकेट लागते. 'सारखी पडते' म्हणून मोठ्या क्षमतेची एमसीबी बसवणे हा सगळ्यांत घातक उपाय: मग एमसीबी पडत नाही, वायर जळते. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला तर एसी तिथेच बंद ठेवावा.

मेकॅनिकला बोलावताना काय थांबते, किती वेळाने, दिवसा की रात्री, हे सांगावे. दिवे लुकलुकत असतील किंवा डिस्प्लेवर कोड दिसत असेल तर वीज बंद करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण ते संकेत कंपनीगणिक बदलतात आणि अनेकदा वीज गेली की पुसले जातात.