संगणकाचा दुसरा गाभा गेला कोठे?

ड्युअल कोअर प्रोसेसर म्हणजे गणिते करणारे दोन गाभे असलेला एकच प्रोसेसर. इंटेलने असे प्रोसेसर २००५ साली बाजारात आणले. इंदूर परिसरातील एखाद्या शाळेत वा पंचायतीत असा जुना संगणक असेल व त्यावरील विंडोज कार्यप्रणाली एकच गाभा दाखवीत असेल, तर यंत्र निकामी ठरवून नव्यावर निधी खर्ची घालण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष यंत्रात नसून मांडणीत असतो.

प्रथम टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सचे पान उघडावे. विंडोज १० मध्ये तेथे गाभ्यांची संख्याच लिहिलेली आढळते. ती एक असल्यास ‘एमएसकॉन्फिग’ चालवून बूट विभागातील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची खूण पाहावी. संगणक वेगाने चालेल या भाबड्या समजुतीने कोणीतरी तेथे खूण करतो आणि आकडा १ राहतो; परिणामी दुसरा गाभा कामाविना पडून राहतो. खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा. एवढ्याने भागले नाही, तर बायोसमध्येच गाभा बंद केलेला आहे काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

विंडोज एक्स्पीची गोष्ट निराळी. ती बसविल्यानंतर प्रोसेसर बदललेला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनीच ‘युनिप्रोसेसर’ ही नोंद राहू शकते. तिच्या होम आवृत्तीस दोन गाभे चालत नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. मर्यादा प्रोसेसरांच्या संख्येची आहे, गाभ्यांची नव्हे. तथापि एक्स्पीचे अधिकृत साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले असल्याने असा संगणक इंटरनेटला न जोडणेच इष्ट.