पदावर लिहिलेली चाल

श्रीवर्धनहून शेखाडीच्या किनारी रस्त्याने दिवेआगरला जाणारे आता सुवर्णगणेशाची आठवण काढत जातात. याच गावाचे नाव लावणाऱ्या सामाजी हसाजी दिवेकरांची आठवण मात्र कोणी काढत नाही. इंग्रजी कागदांत ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर. बेने इस्रायल, म्हणजे कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत त्या ज्यूंपैकी. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते म्हैसूरकरांच्या कैदेत पडले. पुढचा किस्सा बेने इस्रायली घरांतला आहे. टिपूच्या आईने कैद्यांची जात विचारली, ‘बनी इस्राईल’ हे उत्तर ऐकले आणि कुराणात ज्यांचे नाव वाचले ते हेच, म्हणून त्यांना सोडवले. खरेखोटे टिपूलाच ठाऊक. सुटलेल्या सामाजींनी कृतज्ञतेने १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, कृपेचे दार. मशीद बंदरातली मशीद ती हीच, असे सांगतात.

सगळ्यांना सिनेगॉग कुठले बांधता येणार? साध्या माणसाचा नवस मलिद्यावर फिटे. भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओले खोबरे, वेलची, वर फळे. मग एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, हिब्रू गाणे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात, तिथेही मलिदा होतो. ताट पाहून शेजारचा कोकणस्थ ओळखणारही नाही की हा दुसऱ्या धर्माचा प्रसाद आहे.

पण हिब्रू किती जणांना कळायचे? म्हणून १८८० साली मुंबईत बेने इस्रायलांनी चक्क कीर्तन सुरू केले. बुवा, पेटी, तबला, साकी, दिंडी, ओवी, सगळा थाट मराठी. आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे. ख्रिस्ती मंडळींनी हा प्रयोग त्याआधीच अहमदनगरला करून पाहिला होता, कृष्णराव सांगळे तिथले नावाजलेले कीर्तनकार. दोघांची ओळख जुनी. श्रीवर्धनच्या दक्षिणेला सावित्री नदीपलीकडे बाणकोट. तिथे १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी होते. शाळा आणि मराठी बायबल ही त्यांची आणि अमेरिकन मिशनची मेहनत. बेने इस्रायल त्या शाळांत शिकले आणि शिकवूही लागले, धर्म मात्र आपलाच ठेवला.

ख्रिस्ती बाजूला खरी जान आणली कवी ना. वा. टिळकांनी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांना रुचेनात. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत आणि त्याच वाटेने अभंग, भजने लिहीत. देवाच्या कृपेचे ऋण त्यांनी वारकऱ्याच्या लडिवाळपणाने फेडले.

आता पडद्यामागची गोष्ट. जुनी भजनाची पुस्तके उघडून पाहा, ख्रिस्ती असोत की बेने इस्रायली. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ छापलेली असते आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले शब्द. ते पद नाटकातले असे, नाहीतर हरदासाच्या तोंडचे. स्वरलिपीची गरज कोणाला वाटली नाही, कारण ती चाल त्या काळी सगळ्यांच्या कानात होती. नाटके गेली, हरदास गेले. शब्द छापील राहिले, पण ते गायचे कसे हे दोन-चार म्हाताऱ्यांनाच माहीत.

१९४८ नंतर बेने इस्रायलांची घरेच्या घरे इस्रायलला गेली. चाली काही बायकांच्या हस्तलिखित वह्यांबरोबर गेल्या, काही इथेच विरल्या. चर्चमध्ये गिटार आणि कीबोर्ड आले. त्यात वाईट काही नाही. टिळकांनीही त्यांच्या काळातली चालती चालच घेतली होती. मात्र नव्या साजावर जुने अभंग बसवायची खटपट फार थोडे करतात. श्रद्धा आटली म्हणून गाणी गेली, असे मला वाटत नाही. शिकवणारे राहिले नाहीत, आणि ते असताना त्यांच्यापाशी कोणी बसले नाही.

तुमच्या घरी, शेजारी, चर्चमध्ये अशी पदे येणारी आजी असेल तर तिच्या वहीचे फोटो काढून थांबू नका. मोबाइल समोर ठेवा आणि तिला गायला सांगा.