लाल आहे, पण तपकिरी कुठे?

प्रोस्टेटच्या बायॉप्सीत सुईतून निघणारा तुकडा दोऱ्याएवढा बारीक असतो, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. असे दहा-बारा तुकडे फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणात बसवतात आणि त्यांचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर बहुतेक वेळा निदान होऊन जाते. घोडे अडते ते तुकड्यात संशयास्पद ग्रंथी दोन-चारच असल्या की. कर्करोग म्हणावा तर पुढे कदाचित शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. नाही म्हणावा आणि तो निघाला तर?

अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट एका एन्झाइमचा माग काढतो. त्याचे नाव एएमएसीआर. दूध, लोणी आणि गोमांसातून शरीरात येणाऱ्या काही स्निग्धाम्लांच्या साखळीला फांद्या असतात. या रेणूंची एकमेकांची आरशातली प्रतिमा शोभावीत अशी दोन रूपे असतात आणि त्यांपैकी एकच पेशीला जाळता येते. दुसऱ्याचे रूप पालटून देणे हे या एन्झाइमचे काम. (एवढ्यावरून दुधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.) निरोगी प्रोस्टेटमध्ये ते फारसे आढळत नाही, कर्करोगाच्या पेशींत मात्र भरपूर असते. 2000च्या सुमारास निरोगी आणि रोगट पेशींतल्या जनुकांची तुलना करताना हे ध्यानात आले. त्याला ओळखणारी, सशापासून मिळवलेली अँटिबॉडी आज ‘पी504एस’ या नावाने प्रयोगशाळांत परिचित आहे.

फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकते, त्यामुळे अँटिबॉडीला हवी ती जागा झाकली जाते. म्हणून काप आधी बफरमध्ये चांगला तापवावा लागतो. ही युक्ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तोवर मेणातल्या कापांवर नीट न चालणाऱ्या कितीतरी अँटिबॉडी कामाला आल्या. पहिली अँटिबॉडी चिकटली की तिच्यावर दुसरी बसते आणि दुसरीला जोडलेले एन्झाइम रंग उमटवते. तपकिरी रंगासाठी हे एन्झाइम बहुधा मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश या विलायती मुळापासून घेतलेले असते. म्हणजे एन्झाइम शोधायला एन्झाइमच!

एएमएसीआरसाठी मात्र लाल रंग वापरतात. पण लाल रंग दिसला म्हणजे कर्करोग सापडला, असे मुळीच नाही. मूत्रपिंडाच्या निरोगी नलिकांतही हे एन्झाइम मुबलक असते. प्रोस्टेटमधल्या कर्करोगपूर्व बदलांतही काप लाल होतो. नेफ्रोजेनिक अ‍ॅडेनोमा नावाची निरुपद्रवी गाठही लाल होऊन चकवते. उलट, फेसाळ पेशींचे काही कर्करोग जेमतेम फिकट रंगतात.

म्हणून त्याच कापावर आणखी दोन अँटिबॉडी सोडतात. निरोगी ग्रंथीला बाहेरून बेसल पेशींचा एक थर असतो. कर्करोगात तो नाहीसा होतो. या पेशींच्या केंद्रकातले पी63 आणि केंद्रकाबाहेरचे केराटिन तपकिरी रंगते. मला विचाराल तर या परीक्षेत लालपेक्षा तपकिरीला जास्त मान द्यावा, आणि तोही ते नसण्याला.

मात्र रंग न उमटण्याला दुसरे कारणही असू शकते: काप पुरेसा तापला नसेल, अँटिबॉडी जुनी झाली असेल. म्हणून आधी त्याच कापातली शेजारची निर्विवाद निरोगी ग्रंथी पाहायची. तिच्याभोवती तपकिरी कडे ठळक असेल, तरच संशयित ग्रंथीभोवतीच्या रिकामेपणाला अर्थ. आणि संशयित ग्रंथी दोनच असतील, तर हा रिकामेपणाही जपूनच वाचायचा, कारण काही निरोगी ग्रंथींतही बेसल थर तुटक असतो.

शेजारीही तपकिरी नसेल तर काप पुन्हा रंगवावा लागतो, आणि खरी पंचाईत इथेच होते. मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोल काप काढेपर्यंत त्या दोन-चार ग्रंथी संपून गेलेल्या असतात. म्हणून अनेक प्रयोगशाळा पहिल्याच खेपेला मधले काही काप न रंगवता राखून ठेवतात. तेही पुरले नाहीत, तर रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद’ एवढेच लिहिले जाते आणि बायॉप्सी पुन्हा करायची की नाही, हे यूरॉलॉजिस्टला ठरवावे लागते.